वातानुकूलन यंत्रातील बुरशी आणि तिचा बंदोबस्त

आषाढात मुंबईपासून रत्नागिरी-पणजीपर्यंतच्या किनारपट्टीवर हवा इतकी पाणावलेली असते की, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि ठेवणीतल्या वहाणांवर पांढुरके पुट चढलेले पाहून कोणाही गृहस्थाला आताशा आश्चर्य वाटत नाही. तो पट्टा पुसून ठेवतो, पुस्तके एखाद्या उघडिपीला उन्हात टाकतो, कपाटात डांबराच्या गोळ्या पसरतो, आणि ओलीविरुद्ध करावयाचे ते सर्व आपण केले अशा समाधानात दारे-खिडक्या लावून, वातानुकूलन यंत्राचे बटण दाबून निजतो. ज्या ओलीने त्याची पुस्तके नासवली तीच ओल हे यंत्र रात्रभर आपल्या पोटात गोळा करीत असते, आणि तेथे अंधार, धूळ व पाणी ही बुरशीला लागणारी सर्व सामग्री एकाच जागी मौजूद असते, ही गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. ती येते ती बहुधा नाकाच्या वाटेने. यंत्र सुरू करताच पहिली दोन-चार मिनिटे खोलीत कुबट दर्प पसरतो व पुढे तो विरतो. खरे पाहता तो विरत नाही, नाकच त्याला सरावते.

ही बुरशी काढावी कशी, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे. परंतु ज्याने पाण्याचा बंदोबस्त केला नाही आणि नुसती बुरशी खरवडली, त्याची मेहनत व पैसा पुढच्या पावसाळ्यापर्यंतही पुरत नाही, असा अनुभव असल्याने, हातात ब्रश घेण्यापूर्वी हे पाणी यंत्रात येते कोठून आणि अडते कोठे, याचा उलगडा करून घेणे श्रेयस्कर.

आज आपण या यंत्राकडे केवळ गारव्याचे साधन म्हणून पाहतो; त्याच्या जन्माचे प्रयोजन मात्र निराळे होते. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि कोरड्या हवेने आखडे, त्यामुळे एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागी बसत नसत. या तक्रारीच्या निवारणार्थ विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने जी योजना आखली, तिचा मुख्य उद्देश हवेतील पाण्याचे प्रमाण काबूत ठेवणे हा होता. आपल्या भिंतीवरचे यंत्रही तेच काम इमानाने करीत असते. खोलीतील हवा ३० अंश सेल्सिअस तापमानाची आणि तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या सुमारास थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते; यंत्राच्या आतील तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर दाटीने बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचे वेटोळे, ज्याला बाजारात कूलिंग कॉइल म्हणतात, ते १० अंशांच्या आसपास थंड असते; तेव्हा थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम यावा तसे त्याला अखंड पाणी सुटते. ते खालच्या पन्हळीत ठिबकते आणि तेथून नळीवाटे घराबाहेर जाते. दमट रात्री एका मध्यम खोलीच्या हवेतून अशा रीतीने कित्येक लिटर पाणी निघते. यंत्र चालू असेतोवर हा व्यवहार सुरळीत असतो; पण पहाटे आपण ते एकदम बंद केले, की पापुद्र्यांना चिकटलेले, पन्हळीच्या तळाशी थबकलेले आणि पंख्याच्या पात्यांवर शिंतडलेले पाणी जागच्या जागी राहते, कॉइल पुन्हा खोलीइतके उबदार होते, आणि संध्याकाळपर्यंतचे दहा-बारा तास बुरशीला निर्वेधपणे मिळतात.

तिच्या उदरनिर्वाहाचीही ददात नसते. धूळ म्हणून आपण ज्याची संभावना करतो त्यात माणसाच्या कातडीचे कण, कापसाचे तंतू, परागकण आणि स्वयंपाकघरातून आलेला तेलकट धुराचा अंश असतो, आणि यंत्राच्या तोंडावरील नायलॉनची जाळी यांपैकी ठळक तेवढे अडवते. बुरशीची बीजाणुरूपे तर हवेत सदासर्वदा असतात; त्यांना घरात येण्यास मज्जाव करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. यंत्रात आढळणाऱ्या बुरशींत क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम ही कुळे नेहमीची. यांतील तिसऱ्या कुळाने माणसावर केवढे उपकार केले आहेत हे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्याशेजारून जाणाऱ्या पुणेकरास सांगावयास नको; तथापि औषधाच्या कारखान्यात जी बुरशी आदरणीय, तिच्या भाऊबंदांनी आपल्या उशाशी बिऱ्हाड करावे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

वास आला म्हणजे बुरशीच आहे, असा निकाल मात्र घाईने देऊ नये. पाणी वाहून नेणारी नळी कोणी सोयीसाठी थेट गटाराच्या पाइपात सोडलेली असेल, तर तेथील दुर्गंधी तीच वाट धरून खोलीत येते. आणि यंत्रात शिरून मेलेल्या पालीचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला तो बुरशीच्या वासापासून वेगळा ओळखण्यास शिकवावे लागत नाही. खातरजमा करावयाची तर ती डोळ्यांनी करावी. भिंतीवरच्या कळफलकातील त्या यंत्राचा स्वतंत्र खटका पाडून वीज संपूर्णपणे तोडावी. नुसत्या रिमोटने बंद केलेले यंत्र बंद समजू नये. मग हवा बाहेर फेकणारी आडवी पट्टी हळूच खाली करून आत विजेरीचा झोत टाकावा. तेथे आडवा पडलेला एक लांब दंडगोल दिसेल, ज्याच्या परिघावर अरुंद, किंचित वाकड्या पात्यांची ओळ असते. यालाच कारागीर ब्लोअर म्हणतात. स्वच्छ ब्लोअरची पाती गुळगुळीत दिसतात आणि झोत त्यांच्यावरून परावर्तित होतो. बुरशी धरलेल्या पात्यांना मखमली, काळपट किनार आलेली असते, झोत तेथेच विझल्यासारखा होतो, आणि काडीला गुंडाळलेल्या ओल्या कापसाने एक पाते पुसले तर कापूस काजळीसारखा माखून येतो. हवेच्या वाटेवरील पांढऱ्या प्लास्टिकवर आणि त्या आडव्या पट्टीच्या मागील अंगास काळे ठिपके असतील, तर ब्लोअर तपासण्यापूर्वीच निदान झाले असे समजण्यास हरकत नाही.

ब्लोअरचा मी एवढा विस्तार करतो याचे कारण असे की, सामान्य सफाईत त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. कॉइलवरून पाणी ओघळत असल्याने ते काही अंशी आपले आपणच धुतले जाते. ब्लोअर मात्र त्याच्या पुढे, दमट हवेच्या प्रवाहात उभा असतो, त्याला ओल मिळते पण धुणे मिळत नाही, आणि कॉइलमधून निसटलेली धूळ त्याच्या पात्यांवर थर धरते. हा थर वाढला की हवा कमी वाहते, खोली गार होण्यास विलंब लागतो, विजेचे बिल चढते, आणि प्रसंगी कॉइलवर बर्फ धरून तो वितळताना भिंतीवरून पाण्याचे ओघळ येतात; मग घरमालक यंत्र जुने झाले म्हणून नवे घेण्याच्या तजविजीस लागतो.

बुरशी कोणत्या जातीची आहे याची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याची घरगुती प्रकरणात गरज नसते, कारण जात कोणतीही निघाली तरी उपाय एकच आहे. काळी तेवढी विषारी आणि पांढरी ती निरुपद्रवी, हा समजही निराधार होय. घरात कोणाला दमा असेल, नाकातून पाणी येणे, शिंका व कोरडा खोकला हे विकार यंत्र लावले की बळावत असतील, किंवा कोणी कर्करोगाच्या अथवा अवयवरोपणानंतरच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेला असेल, तर सफाई होईपर्यंत त्या खोलीत यंत्र लावूच नये, सफाईच्या वेळी त्या व्यक्तीस घरातही ठेवू नये, आणि डॉक्टरांना या बुरशीची माहिती आवर्जून द्यावी. अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी निरोगी माणसाच्या फुप्फुसात सहसा ठरत नाही; दुर्बळाच्या फुप्फुसात ती ठाण मांडू शकते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हलके काम घरच्या माणसाने करावे आणि जड काम कारागिराकडे सोपवावे, ही विभागणी शहाणपणाची आहे. यंत्राखालचा पलंग सरकवून त्यावर व जमिनीवर जुनी चादर पसरावी, खिडकी उघडावी, तोंडाला एन-९५ जातीचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालावे. जाळीच्या चौकटी सावकाश काढून न्हाणीघरात न्याव्या आणि नळाची धार जाळीच्या उलट बाजूने, म्हणजे धूळ बसली नाही त्या बाजूने सोडावी. धूळ बसलेल्या अंगाने धार सोडली तर ती छिद्रांत अधिकच घट्ट बसते. भांड्यांचा सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश, आणि वाळवणे सावलीत, कारण कडक उन्हात या चौकटी वाकतात व पुन्हा खाचेत बसेनाशा होतात. जाळ्या वाळत असताना समोर उघडे पडलेले कॉइल पाहावे. पापुद्रे उभे असतात, म्हणून ब्रशही वरून खालीच फिरवावा. आडवा फिरवल्यास ते कागदासारखे पातळ पापुद्रे दुमडतात आणि दुमडलेल्या जागी हवेचा मार्ग कायमचा बंद होतो. प्लास्टिकच्या ज्या भागांवर ठिपके आहेत ते साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसावे, फडके वारंवार बदलावे आणि शेवटी कोरड्याने टिपावे. सुके खरवडणे टाळावे, कारण त्याने बीजाणू खोलीभर उधळतात. घरच्या माणसाचा अंमल येथे संपतो. ब्लोअरच्या आत पिचकाऱ्या मारण्याचा मोह त्याने आवरावा. त्याच्या कडेलाच मोटर आणि विजेची फळी असते, आणि वरून सुटलेला चिखल पन्हळीत साचून नळी तुंबवतो.

रसायनांच्या बाबतीत लोकांत इतके गैरसमज आहेत की येथे थोडे थांबणे भाग आहे. बुरशी म्हटली की पुष्कळांना धुण्याचे ब्लीच आठवते. पण त्यातील सोडियम हायपोक्लोराइट अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे दोहोंना खाते, आणि कॉइलला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी आतील वायू निघून जाऊन दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जाऊ शकतो. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे ब्लीचबरोबर संडास साफ करण्याचे आम्ल, किंवा काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव्य वापरणे: पहिल्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन, आणि बंद खोलीत स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापासून ते एका हातावर असते. व्हिनेगर निरुपद्रवी म्हणून सर्रास सुचवले जाते. ते पाण्याच्या नळीतील बुळबुळीत थर सोडवण्यास उपयोगी आहे, परंतु तांब्याच्या नळ्यांवर त्याचा मुक्काम हितावह नाही, तेव्हा त्याला नळीपुरतीच मुभा द्यावी. कॉइल धुण्यासाठी दुकानात मिळणारा फेस अल्कधर्मी असेल तर तो भरपूर पाण्याने निपटून धुतला गेला पाहिजे, आणि भिंतीवरच्या यंत्रात ते धुणे घरच्या घरी पुरते होत नाही. राहिले सुगंधी फवारे. कुबट वासावर मोगऱ्याचा वास चढवल्याने एवढेच होते की, घरच्या मंडळींना जो इशारा मिळत होता तोही मिळेनासा होतो.

कारागिराला बोलावताना नुसती ‘सर्व्हिस’ करावयाची आहे असे सांगू नये, कारण त्या शब्दाखाली जाळी झटकण्यापासून यंत्र खाली उतरवून धुण्यापर्यंत सर्व काही मोडते. ब्लोअरमध्ये बुरशी आहे, तो धुऊन हवा आहे, आणि नळी मोकळी करून हवी आहे, हे मोबदला ठरवतानाच स्पष्ट करावे. जाणकार कारागीर प्रथम विजेची फळी प्लास्टिकने गुंडाळतो, यंत्राखाली पाणी झेलण्याची झोळी बांधून तिचे तोंड बादलीत सोडतो, कॉइल आणि ब्लोअर यांवर बेताच्या दाबाने पाणी मारतो, आणि ब्लोअर हाताने फिरवीत त्याचे प्रत्येक पाते धारेखाली आणतो. झोळीतून प्रथम काळे, मग करडे, आणि शेवटी नितळ पाणी येऊ लागेल तेव्हा धुणे पुरे झाले. करड्यावर काम आटोपते घेणाऱ्यास पुन्हा धार सोडावयास लावण्यात संकोच बाळगू नये. थर फार जुना आणि कठीण असेल, तर पुढची पन्हळ आणि ब्लोअर सुटे करून धुण्यावाचून गत्यंतर नाही. त्याला दुप्पट वेळ आणि जास्त पैसे लागतात, आणि ते देणे रास्त आहे.

याच सुमारास ‘गॅस कमी झाला आहे, भरावा लागेल’ हे वाक्य ऐकू येण्याचा संभव असतो. हा वायू इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता तो भरणे म्हणजे फुटक्या हौदाची पाणीपट्टी भरत बसण्यासारखेच. आधी सफाई, मग मापन, आणि गळती सापडली तरच भरणे, हा क्रम सोडू नये. हवा कमी वाहिल्याने गारवा कमी वाटत असेल तर ती तक्रार सफाईनेच मिटते. आणखी एक खबरदारी घ्यावी. हल्लीच्या यंत्रांत आर-३२ हा मंद ज्वलनशील वायू असतो, काहींत आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन असतो. यंत्राच्या कडेवरील पाटीवर त्याचे नाव असते. ते वाचून, जोडकाम किंवा जाळ यांचा प्रसंग येईल तेव्हा खिडक्या सताड उघड्या आहेत ना, हे घरमालकाने स्वतः पाहावे.

सफाई झाली, आता पाण्याच्या मूळ खटल्याकडे यावे लागते. पहिला आरोपी ती बाहेर जाणारी नळी. तिला आरंभापासून अखेरीपर्यंत सलग उतार हवा. मध्ये झोळ पडला, छज्ज्यावरून जाताना ती वर चढली, किंवा तिचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले, की पन्हळीतले पाणी मागे थबकते आणि त्यात बुळबुळीत थर वाढतो. पन्हळीत मगभर पाणी हळू ओतून ते बाहेर तत्काळ पडते की नाही हे पाहणे, ही याची साधी परीक्षा. दुसरी जागा भिंतीतील भोक. नळ्या बाहेर नेण्यासाठी पाडलेले हे भोक बाहेरच्या बाजूस उतरते असावे आणि त्याचे तोंड लांबीने बंद केलेले असावे. पुष्कळ घरांत ते उघडेच राहते, नैर्ऋत्येचा पाऊस त्यातून आत झिरपतो, आणि यंत्राच्या पाठीमागची भिंत ओली राहून तेथे निराळीच बुरशी धरते, जिचा दोष यंत्राच्या माथी येतो. तिसरी गोष्ट नळ्यांवरचे काळे फोमचे आवरण: ते जेथे फाटले असेल तेथे थंड तांब्यावर दव धरून भिंतीतून थेंब टपकतात.

यंत्राचा आकारही या प्रकरणात साक्षीदार आहे. ‘टन’ हे माप २४ तासांत एक टन बर्फ वितळवण्यास लागणाऱ्या उष्णतेवरून आलेले आहे, आणि मोठे ते चांगले या हिशेबाने दहा बाय दहाच्या खोलीत दोन टनांचे यंत्र बसवणारे गृहस्थ पुष्कळ असतात. असे यंत्र खोली चटकन गार करून थांबते, आणि पाणी काढण्यास त्याला अवसरच मिळत नाही. खोली गार पण चिकट राहते, आणि ती चिकटी घालवण्यासाठी मंडळी तापमान १८ अंशांवर आणतात, ज्याने भिंती व कपाटेही दव धरण्याइतकी थंड होतात. पावसाळ्यात २४ ते २६ अंश ठेवून ‘ड्राय’ ही कळ वापरावी. थोडक्या किमतीत मिळणारा आर्द्रतामापक खोलीत टांगावा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचा जोर ओसरतो, आणि ५० पर्यंत आणता आली तर उत्तमच. ज्या खोलीत यंत्र आहे त्याच खोलीत दोरी बांधून बादलीभर धुतलेले कपडे वाळत घालण्याची मुंबईकरांची वहिवाट जागेच्या टंचाईतून आली आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही; पण त्या कपड्यांतले सारे पाणी यंत्राच्या कॉइलवरूनच जावयाचे असते, हे जाणून निदान रात्री तरी ती दोरी बाहेरच्या खोलीत न्यावी.

आणि सकाळी यंत्र बंद करण्यापूर्वी अर्धा तास ते केवळ ‘फॅन’वर चालवावे, म्हणजे कॉइल आणि ब्लोअर वाळतात, नव्या यंत्रांत हीच क्रिया आपोआप घडवणारी कळ असते, तिचा वापर करावा. या मोफत उपायाने जेवढी बुरशी टळते तेवढी कोणत्याही विकतच्या औषधाने टळत नाही, असे मला वाटते. जाळ्या पावसाळ्यात पंधरवड्याला, एरवी महिन्याला धुवाव्या. मोठी सफाई बहुतेक लोक उन्हाळ्याच्या तोंडावर करून घेतात; किनाऱ्यावरच्या घरांनी ती आश्विनातही करावी, कारण पावसाळ्याचा ओला मळ पोटात ठेवून थंडीभर बंद पडलेले यंत्र चैत्रात प्रथम लावले जाते तेव्हा ते काय फेकते, याची कल्पना करवत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथील कोरड्या उन्हाळ्यात कूलर चालतो आणि त्याचा सारा प्रताप ओलीवरच अवलंबून असतो. त्याच्या वाळ्याच्या किंवा लाकडी छिलक्यांच्या पट्ट्या दरसाल बदलाव्या, टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासावी, ज्याने बुरशीबरोबर डासांच्या अळ्यांचाही निकाल लागतो, आणि मृग लागताच कूलर सुकवून ठेवून द्यावा.

परदेशी स्थायिक झालेल्या, विशेषतः अमेरिकेत न्यू जर्सी, जॉर्जिया किंवा टेक्सससारख्या दमट उन्हाळ्याच्या प्रांतांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना याहून मोठ्या यंत्रणेशी गाठ पडते. तेथे हिवाळ्यातील फर्नेस आणि उन्हाळ्यातील कॉइल ही एकाच हवेच्या मार्गावर बसवलेली असून, तळघरातून किंवा माळ्यावरून निघालेल्या पत्र्याच्या वा लवचिक नळांचे जाळे प्रत्येक खोलीत हवा पोहोचवते. म्हणून एका जागची बुरशी सर्व खोल्यांची होते. येथे पहिला नियम असा की, बुरशी दिसली अथवा तिचा दाट संशय आला की यंत्रणा बंद करावी आणि खातरजमा होईपर्यंत सुरू करू नये. पत्र्याचे नळ धुऊन-पुसून स्वच्छ होतात. पण नळांच्या आत काचतंतूचे अस्तर असेल आणि ते भिजून त्यात बुरशी शिरली असेल, तर ते साफ होत नाही, काढून नवेच घालावे लागते, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा स्पष्ट सल्ला आहे. त्याच संस्थेच्या मते नळांची सफाई शिरस्ता म्हणून करण्याचे कारण नाही. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदरांचा वा कीटकांचा वावर असेल, किंवा धुळीने नळ तुंबले असतील, तरच ती करावी. तेव्हा दारावर जाहिरात टाकून अत्यल्प दरात संपूर्ण घराचे नळ साफ करून देणाऱ्यास आत घेण्यापूर्वी, ‘बुरशी कोठे आहे ती दाखवा’ असे म्हणावे, कॉइल आणि पन्हळ साफ करण्याचा अंतर्भाव अंदाजपत्रकात लेखी आहे का ते पाहावे, आणि अस्तर असलेल्या नळांत जंतुनाशक फवारण्यास संमती देऊ नये. काम करणारे लोक नळांना मोठे शोषक यंत्र जोडून आतील हवेचा दाब उणा ठेवतात की नाही, हे पाहणेही आवश्यक आहे. तसे न केल्यास झाडलेला सर्व मळ झोपण्याच्या खोल्यांतून बाहेर पडतो.

या यंत्रणेत पंख्याची कळ दमट दिवसांत ‘ऑन’वर न ठेवता ‘ऑटो’वर ठेवावी. घरच्या लहान यंत्राबाबत वर सांगितलेल्या उपायाच्या हे उलट दिसेल. पण तेथे दिवसभरासाठी बंद करण्यापूर्वी एकदाच वाळवणे असते, येथे कॉइल दर काही मिनिटांनी थांबते, आणि पंखा अखंड फिरत राहिला तर त्याच्यावरचे पाणी प्रत्येक वेळी परत घरात उडते. गाळण्या एक ते तीन महिन्यांत बदलाव्या, पन्हळ भरली तर यंत्र आपोआप थांबवणारा तरंगता खटका बसवलेला आहे ना ते पाहावे, आणि कॉइलवर अतिनील प्रकाशाचा दिवा बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ओल हटवल्यानंतरचा पूरक उपाय आहे, ओल हटवण्याऐवजी करावयाचा नव्हे, हे स्मरणात ठेवावे. हिवाळ्यात हवा कोरडी पडते म्हणून फर्नेसला जोडलेले आर्द्रक यंत्र असेल, तर त्यातील पाणी शोषणारी गादी प्रत्येक मोसमाच्या आरंभी नवी घालावी, थंडीच्या दिवसांत खिडक्यांच्या काचांवर आतून दव धरू लागले की त्याची कळ खाली आणावी, आणि वसंत लागताच त्याचा पाण्याचा नळ व हवेची झडप दोन्ही बंद करून आतील हौद कोरडा पुसून ठेवावा.